माफीचा प्रवेश

रोकडे बाईंना ‘शेवटी काय होतं?’ असं विचारायची सोय नव्हती. कुणी विचारलंच, तर त्या पर्समधले चार शेंगदाणे तोंडात टाकायच्या, ते चावून होईपर्यंत समोरच्याकडे बघत राहायच्या आणि मग म्हणायच्या, “मधलं सगळं कळलं का तुला? मग शेवटाची घाई कशाला?”

मी गणिताचा मास्तर. माझ्या धंद्यात शेवटाला महत्त्व. त्या मराठी शिकवायच्या. भिवंडीतल्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बावीस वर्षं आमची टेबलं शेजारी शेजारी होती आणि बावीस वर्षं आमचं या एका मुद्द्यावर पटलं नाही.

कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागूनच लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने. सकाळी पहिल्या तासाला जी खटखट सुरू व्हायची ती आम्ही घरी जाईपर्यंत चालू. त्यामुळे आमच्याकडच्या शिक्षकांचा आवाज मोठा, आणि सगळ्यांत मोठा बाईंचा. उंची जेमतेम पाच फूट, सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. शुक्रवारी लूमना सुट्टी असायची, गल्ली गप्प व्हायची. पण बाई त्या दिवशीही त्याच पट्टीत शिकवायच्या. मग रस्त्याने जाणारे लोक खिडकीशी थांबून ऐकत उभे राहायचे. एकदा एक दूधवाला अर्धा तास थांबला होता. नाटकातल्या नवऱ्याचं चुकलं की बायकोचं, यावर त्याने खिडकीतूनच मत दिलं आणि बाईंनी ते फळ्यावर लिहून घेतलं.

नाटक हा त्यांचा जीव. त्यातही एक विशिष्ट जातीचं नाटक. पुस्तकात त्याला शोकसुखात्मिका असा जडशीळ शब्द आहे. बाई सोप्या भाषेत सांगायच्या, “ज्या नाटकात हसलेल्या माणसाला आपण हसलो याची लाज वाटते, आणि रडलेल्याला आपण फसलो असा संशय येतो, ते.” मुलं हे वहीत उतरवून घ्यायची, कारण परीक्षेत येईल असं त्यांना वाटायचं. परीक्षेत ते कधीच आलं नाही.

एका मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिलं, ‘या नाटकातील सासरा दुष्ट आहे.’ बाईंनी शेजारी लाल शाईने शेरा मारला, ‘हा दुष्ट माणूस घरी एकटा असताना काय करतो? लिहून आण.’ मुलगी बिचारी चार पानं लिहून घेऊन आली. सासऱ्याचे गुडघे दुखतात, त्याला झोप लागत नाही, तो मांजराला चोरून दूध घालतो, असं बरंच काही. वर म्हणाली, “बाई, आता मला त्याचा राग येईनासा झालाय.”

“यायला पाहिजे,” बाई कडाडल्या. “गुडघे दुखतात म्हणून सुटका नाही. रागपण ठेव आणि गुडघेपण ठेव. दोन्ही घेऊन बस.”

ती मुलगी पुढे वकील झाली, हे सांगायला हवं.

स्वतः बाई दोन्ही घेऊन बसणाऱ्याच होत्या. संस्थेचे एक विश्वस्त वारले, त्यांची शोकसभा होती. सूत्रसंचालन करणाऱ्याला आयुष्यभर सत्कारांचीच सवय. तो गंभीर आवाजात म्हणाला, “आता दिवंगतांचा शाल-श्रीफळ देऊन…” आणि थांबला. सगळे माना खाली घालून बसले. बाई मात्र हसल्या, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात. हसता हसता रडायला लागल्या, कारण ते विश्वस्त खरोखर त्यांच्या आवडीचे होते. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मेमो दिला. बाईंचं लेखी उत्तर मी वाचलंय. ‘शोकसभेत मला हसू आलं हे खरं आहे. रडू आलं हेही खरं आहे. मेमोमध्ये एकाच गोष्टीचा उल्लेख आहे, तरी दुरुस्ती करावी.’

हे सगळं त्यांच्यात कुठून आलं, ते मला फार उशिरा कळलं. त्यांनी नाटक लिहिलं तेव्हा.

बाईंचे वडील धर्मा रोकडे. भिवंडीतच जन्मलेले, वाढलेले. एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे लूम दुरुस्त करायचे आणि कामगारांवर देखरेख ठेवायचे. त्यांच्या हाताखाली इदरीस नावाचा एक तरुण होता, उत्तर प्रदेशातून आलेला. एका लूमच्या गिअरवरची लोखंडी जाळी तुटली होती. धर्माबाबांनी ते शेठला दोनदा सांगितलं. शेठ म्हणाला, बघू. तिसऱ्या आठवड्यात इदरीसचा उजवा हात त्या गिअरमध्ये गेला. मनगटापासून कापावा लागला.

चौकशी झाली. धर्माबाबांनी बयान दिलं की जाळी जागेवर होती, काम लवकर व्हावं म्हणून इदरीसनेच ती काढली. शेठ सुटला, इदरीसची भरपाई बुडाली. धर्माबाबांची नोकरी राहिली. पोरीची, पुढे धाकट्या पोराचीही, कॉलेजची फी शेठने भरली, वर्षानुवर्षं.

बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना शिक्षिकेची नोकरी लागली, पेढे वाटून झाले, तेव्हा वडिलांनी त्यांना समोर बसवलं आणि म्हणाले, “आता तू कुनाची मिंधी न्हाईस. आता सांगतो.” सांगून झाल्यावर त्यांनी उरलेला पेढा तोंडात टाकला.

“माझं एम.ए. त्या हातावर झालंय, पाटील,” बाई मला म्हणाल्या. “आणि बाबा पेढा खात होते. मला त्या पेढ्याचा जास्त राग आला.”

दोन महिने त्या वडिलांशी बोलल्या नाहीत. मग एका शुक्रवारी आई आजारी होती म्हणून वडिलांचा डबा पोचवायची वेळ त्यांच्यावर आली. धर्माबाबा दर शुक्रवारी दुपारी कुठे जातात हे घरात सगळ्यांना माहीत होतं, इदरीसकडे पत्ते खेळायला. का जातात हे आता बाईंना माहीत होतं. त्या दारात डबा घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी जे बघितलं तेच पुढे नाटक झालं.

इदरीसला एकाच हाताने पत्ते धरून पान टाकता यायचं नाही. म्हणून त्याचे पत्ते धर्माबाबा धरायचे, पंख्यासारखे पसरून, स्वतःचं तोंड पलीकडे फिरवून. इदरीस डाव्या हाताने पान ओढायचा. धर्माबाबांचे स्वतःचे पत्ते मांडीखाली. मध्येच ते मान वळवून इदरीसचे पत्ते हळूच बघायचे, आणि तरीही नेमकं चुकीचं पान टाकायचे. इदरीस ओरडायचा, “बेईमान! देखके भी हारता है साला!” खोलीतले बाकीचे कामगार पोट धरून हसायचे. धर्माबाबाही हसायचे. हा खेळ तेव्हा चार वर्षं चालला होता. पुढे आणखी वीस-बावीस वर्षं चालला, धर्माबाबा जाईपर्यंत.

“मीपण हसले,” बाई म्हणाल्या. “डबा हातात घेऊन, दारात. त्या दिवसापासून मी माझ्या हसण्यावर विश्वास ठेवलेला नाही.”

वडील गेल्यावर चार वर्षांनी त्यांनी ते लिहायला घेतलं. त्याआधी त्या इदरीसचाचांना विचारायला गेल्या, मला बरोबर घेऊन. चाचा आता म्हातारे झाले होते, पान-बिडीचं छोटं खोपट चालवायचे. बाईंनी सगळं सांगितलं. मग विचारलं, “चाचा, लिहू का?”

चाचांनी डाव्या हाताचं चुन्याचं बोट फडक्याला पुसलं. “लिखो. मगर मुझे बेचारा मत बनाना. मैं जीतता था.”

तालमी शुक्रवारी, कॉलेजच्या रिकाम्या वर्गात. धर्माबाबांच्या भूमिकेला बाईंनी आमचा शिपाई गोमा घेतला. गोमा जवळच्याच अंजूर गावचा. शेतावर गोडाऊन उभं राहिलं आणि तो नोकरीला लागला, एवढं त्याचं चरित्र. नाटकात कधी काम केलेलं नव्हतं. त्याला बाईंनी एकच सूचना दिली होती, “गोमा, माफी मागितल्यासारखं तोंड करायचं नाही.”

“मंग कसा करू बाई?”

“भूक लागल्यासारखं कर.”

मला त्यांनी शेठ केलं. मी म्हटलं, “बाई, मी कुठल्या अंगाने शेठ वाटतो?” त्या म्हणाल्या, “तुमचा चेहरा सज्जन आहे. शेठ सज्जनच दिसला पाहिजे. तो फी खरंच भरत होता, पाटील. आणि मी आजारी पडले तर विचारायला यायचा.”

प्रयोग होणार होता त्यांच्या वस्तीतल्या महोत्सवात. तिथल्या समितीचे अध्यक्ष बनसोडे, बाईंचेच जुने विद्यार्थी, तालीम बघायला आले. बघताना ते चार वेळा हसले, मी मोजलं होतं. संपल्यावर त्यांनी खुर्ची बाईंजवळ ओढली. मग म्हणाले, “ताई, राग मानू नका. लोक आपल्याला नावं ठेवायला आधीच टपलेले असतात. त्यात आपल्याच स्टेजवर आपला माणूस खोटी साक्ष देताना दाखवायचा? आणि लोक त्याला हसणार?”

बाईंनी पर्समधले शेंगदाणे तोंडात टाकले.

“निदान शेवटी त्याने माफी मागितली असं दाखवा. इदरीसच्या पायावर डोकं ठेवतो. पाच मिनिटांचा प्रवेश. लोक रडतील, आणि धर्माबाबांची आब राहील.”

मला मनातून ते पटलं होतं. गोमालाही पटलं असावं, कारण तो लगेच जमिनीवर वाकून डोकं कसं टेकवायचं ते करून बघायला लागला.

“ऊठ गोमा,” बाई म्हणाल्या. मग बनसोड्यांकडे वळल्या. “तू म्हणतोस ते खोटं नाही, बाळ. नावं ठेवणारे ठेवणारच, आणि त्याचा त्रास वस्तीला होणार, मला एकटीला नाही. ते मला कळतं. पण बाबांनी पंचवीस वर्षं जे केलं नाही, ते मी त्यांच्याकडून पाच मिनिटांत करवून घेऊ? मेलेल्या माणसाकडून?”

“मग समिती परवानगी देणार नाही, ताई.”

“नको देऊ. तुझ्या जागी मी असते तर मीपण दिली नसती. पण माफीचा प्रवेश मी लिहिणार नाही.”

बनसोडे उठले, बाईंच्या पाया पडले आणि गेले. परवानगी नाकारल्याचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. त्यात बाईंच्या कार्याबद्दल आदर व्यक्त केला होता. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि मुलांना विचारलं, “हे पत्र लिहिणारा माणूस चांगला की वाईट?” मुलं म्हणाली, वाईट. बाईंनी त्यांना तासभर बनसोड्यांची बाजू मांडायला लावली.

घरातली लढाई जास्त अवघड होती. बाईंनी लग्न केलं नव्हतं, त्या धाकट्या भावाकडे राहायच्या. विलास त्याचं नाव. आपला बाप एका अपंग मित्राला आयुष्यभर सांभाळणारा देवमाणूस, एवढंच त्याला माहीत होतं. तालमीतून बातमी त्याच्यापर्यंत गेली आणि तो कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मीही तिथेच होतो.

“बापाचं नाव तरी बदल,” तो म्हणाला.

“नाव बदललं तर मी दुसऱ्या कुणाच्या तरी बापावर ढकलल्यासारखं होईल.”

“मग लिहू नकोस. तुला कोणी सांगितलंय?”

“विलास, तू त्याच फीवर शिकलास.”

“मला नव्हतं जाणून घ्यायचं ते!” तो भर रस्त्यात ओरडला. रिक्षावाले वळून बघायला लागले. “तू आमचा बाप विकायला काढलास.”

बाईंनी पर्समध्ये हात घातला होता, शेंगदाण्यांसाठी, पण तो तसाच आत राहिला. त्याच आठवड्यात त्यांनी भावाचं घर सोडलं आणि जवळच्या कोन गावात एक खोली घेतली. मी सामान लावायला गेलो होतो. पुस्तकांचे सात खोके आणि एक स्टोव्ह. “पाटील,” त्या म्हणाल्या, “त्याचंही बरोबर आहे, हे मला फार महागात पडतंय.” पण दुसऱ्या शुक्रवारी तालमीला त्या सगळ्यांच्या आधी हजर होत्या.

शेवटी प्रयोग झाला एका लूमच्या कारखान्यात. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या सासऱ्यांचा कारखाना, शुक्रवारी बंदच असायचा. दोन रांगांमधल्या वाटेत आम्ही खेळलो. प्रेक्षक लूमना टेकून, कापडाच्या ताग्यांवर बसून. निम्मे मराठी, निम्मे हिंदी बोलणारे. नाटकही तसंच होतं. हवेत तेलाचा आणि सुताच्या धुळीचा वास. बाई नेहमीप्रमाणे एका कडेला, आमच्याकडे पाठ करून उभ्या. त्या नाटक कधी बघायच्याच नाहीत, बघणाऱ्यांना बघायच्या.

इदरीसचाचा पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. पत्त्यांचा प्रवेश सुरू झाला. गोमाने तोंड फिरवून पत्ते धरले आणि लोक हसायला लागले. चाचांचं काम करणाऱ्या कामगाराने एक पान टाकलं, तसे खरे चाचा उभे राहिले.

“गलत! ये बाजी मैं जीता था!”

सगळा कारखाना हसला. नाटक थांबलं. चाचा चालत पुढे आले, गोमाच्या हातातल्या पंख्यातून डाव्या हाताने एक पान ओढलं आणि जमिनीवर आपटलं. “ये डाला था मैंने. तब वो हारा.” आणि जाऊन बसले. आम्ही पुढे चालू केलं. गोमाने पत्ते पुन्हा पसरून धरले. आता तो भूक लागल्यासारखा दिसत नव्हता, पण बाई पाठमोऱ्या होत्या, त्यांनी ते बघितलं नाही.

बयानाचा प्रवेश बाईंनी सर्वांत शेवटी ठेवला होता. म्हणजे प्रेक्षक तासभर ज्या माणसाबरोबर हसले, त्याने काय केलंय ते त्यांना शेवटी कळायचं. गोमाने साध्या आवाजात सांगितलं, “जाळी जागेवर होती साहेब. त्यानं सोताच काढली.” मी, म्हणजे शेठने, त्याला पाण्याचा पेला दिला. तो प्याला. नाटक संपलं.

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक तरुण कामगार ताडकन उभा राहिला. “चाचा, आपने ऐसे आदमी को माफ कैसे किया?”

चाचा वळले. त्यांना राग आलेला दिसला. “किसने बोला माफ किया? मैंने कभी माफ नहीं किया. उसने कभी माँगी भी नहीं.” ते थांबले. मग बाईंकडे बघून, जरा खालच्या आवाजात म्हणाले, “और जिस जुमे को वो नहीं आता था, मुझे रोटी नहीं उतरती थी. बेटी, लिखना है तो दोनों बात लिख.”

बाई तोवर आमच्याकडे पाठ करूनच होत्या. त्या चाचांकडे वळल्या. त्यांनी नुसती मान हलवली, दोनदा. दाराशी विलास उभा होता. कधी आला होता कुणास ठाऊक. तो तसाच निघून गेला, आणि मला माहीत आहे तिथपर्यंत बहीणभावांचं पुन्हा बोलणं झालं नाही. सणाला त्याची बायको डबा पाठवायची, एवढंच.

ते नाटक पुढे आम्ही बावीस वेळा केलं. कारखान्यांत, शाळांच्या पटांगणात, एकदा कोनच्या गोडाऊनमध्ये खोक्यांच्या ढिगाऱ्यापुढे. दर प्रयोगाला कोणी ना कोणी उठून भांडायचं. एका स्पर्धेत परीक्षकांनी लिहिलं, ‘लेखिकेने नायकाबद्दल ठाम भूमिका घेतलेली नाही.’ बाईंनी त्यांना पत्र पाठवलं, ‘घेतली आहे. त्याला सोडायचं नाही आणि टाकायचं नाही, ही भूमिका ठाम आहे. फार दमवणारी आहे.’

बाई गेल्या त्याला आता दीड वर्ष झालं. झोपेत गेल्या, त्यांना न शोभणाऱ्या शांतपणे. मला त्या शेवटच्या दिसल्या त्याच्या दोन महिने आधी, गावातल्या एका सभागृहात, त्यांच्याच सत्काराला.

सत्कार करणारी संस्था मोठी होती, पाहुणे त्याहून मोठे. नाटक त्यांनी पाहिलेलं नव्हतं, पण कुणीतरी कागदावर चार ओळी लिहून दिल्या होत्या. ते म्हणाले, “बाईंचे वडील म्हणजे त्यागाची मूर्ती. आपल्या अपघातग्रस्त मित्राची त्यांनी आयुष्यभर निःस्वार्थ सेवा केली…”

बाई व्यासपीठावर शाल पांघरून बसल्या होत्या. त्या उठल्या, पाहुण्यांच्या समोरचा माईक स्वतःकडे वळवला. त्याची त्यांना गरज नव्हती.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “निःस्वार्थ नव्हती. सेवाही नव्हती. प्रायश्चित्त म्हणाल, तर ते मी बाबांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी एका माणसाचा हक्क बुडवला आणि मग त्याच माणसाशिवाय त्यांना करमेना. याला शब्द असता तर मी एका ओळीत लिहून मोकळी झाले असते. नाटक कशाला लिहिलं असतं?”

सभागृहात कुणीतरी हसलं. बाईंनी त्या दिशेने बघितलं आणि म्हणाल्या, “हसा. पण घरी जाऊन कशाला हसलो ते बघा.” शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, नारळ पाहुण्यांच्या हातात दिला. “मला तालमीला उशीर होतोय.”

मी त्यांच्या मागे धावत बाहेर आलो. दुपारची वेळ, गोडाऊनकडे जाणाऱ्या कंटेनरची रांग लागलेली, खड्ड्यांतून धूळ उडत होती. त्या मला थांबा म्हणाल्या नाहीत, या म्हणाल्या नाहीत. पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांनी त्या सरळ रस्त्यात उतरल्या आणि समोरून येणाऱ्या कंटेनरला हात वर करून दाखवला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, खिडकीतून डोकं काढून शिवी घालायला तोंड उघडलं. बाईंनी रस्त्याच्या मध्यावर थांबून त्याला काहीतरी विचारलं. काय ते मला ऐकू आलं नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. तो ड्रायव्हर उत्तर देत होता, मान हलवून, हात हलवून, चांगला सविस्तर, आणि बाई कंबरेवर हात ठेवून ऐकत उभ्या होत्या.